भुसा, नळी आणि आम्ही

गेल्या दिवाळीत याच पानावर मी सागवानी चौरंगाची हकिगत लिहिली होती. वाचकांची पत्रे पुष्कळ आली. बहुतेकांनी मापे मागितली, दोघांनी सरळ चौरंगच मागितला, आणि नागपूरच्या एका वाचक भगिनींनी तीनच शब्द विचारले : "भुशाचं काय करता?"

बाकीच्या सगळ्या पत्रांना मी उत्तरे धाडली. हे एक तेवढे टेबलाच्या खणात राहून गेले. राहून गेले म्हणण्यापेक्षा मीच ते तळाशी सारले. कारण खरे उत्तर लिहायचे, तर "खातो" असे लिहावे लागले असते. मी खात होतो, माझे कुटुंब खात होते आणि कुणाचे तिकडे लक्ष नव्हते.

आमच्या घरामागचा कारखाना नियमित वाचकांना ठाऊक आहेच. कारखाना हा शब्द माझा. सौभाग्यवतीचा शब्द निराळा आहे आणि तो येथे छापण्याजोगा नाही. एके काळी स्कूटर उभी राहत होती त्या खोलीत आता एक गोल करवतीचे टेबल, एक विजेवर चालणारा रंधा आणि पॉलिशपेपर फिरवणारे एक यंत्र अशी मंडळी दाटीवाटीने राहतात. खोलीला घराकडे उघडणारे एक दार आहे. ते दार स्वयंपाकघरात उघडते, हा या गोष्टीतला महत्त्वाचा मुद्दा आहे.

मे महिन्यात नातू आला. वय वर्षे सात, ठाण्याचा, आणि आजोबांच्या कारखान्यावर त्याचा भारी जीव. चार दिवस तो माझ्या मागेमागे होता. पाचव्या रात्री खोकू लागला. सहाव्या रात्री तो खोकत उठला आणि त्याला पुन्हा झोप लागेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, मान वर केली आणि विचारले, "घरात काही बांधकाम वगैरे चालू आहे का?"

मी काही बोलण्याच्या आत सौभाग्यवती म्हणाली, "आहे. गेली नऊ वर्षं."

मग डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितले, ते खरे म्हणजे मला आधीच माहीत असायला हवे होते. जो भुसा डोळ्यांना दिसतो, जमिनीवर पडतो आणि झाडूने निघतो, तो बिचारा निरुपद्रवी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. त्याच्या सातव्या हिश्शाहून बारीक जी भुकटी असते, ती दिसत नाही, लवकर खाली बसत नाही आणि नाकातल्या केसांना न जुमानता थेट छातीत उतरते. सागाची भुकटी तर कित्येकांच्या कातडीला आणि श्वासाला सोसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने लाकडाची धूळ १९९५ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा कर्करोग त्या धुळीत जन्म काढणाऱ्या सुतारांत अधिक आढळतो. हे सर्व डॉक्टर शांतपणे सांगत होते आणि नातू माझ्या मांडीवर बसून माझ्या शर्टाच्या खिशातला भुसा काढून टेबलावर रचत होता.

लेक त्याला ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी घेऊन गेली. रागावली नाही, हेच वाईट. जूनमध्ये फोनवर म्हणाली, "बाबा, गौरी-गणपतीला येऊ आम्ही, पण..." त्या 'पण'च्या पुढचे वाक्य तिने पुरे केले नाही.

आता सर्वांत लाजिरवाणी गोष्ट सांगतो. भुसा ओढणारे यंत्र माझ्याकडे होते! दीड अश्वशक्तीचे, चांगले रोख पैसे मोजून तीन वर्षांपूर्वी आणलेले. एक पंखा, खाली प्लॅस्टिकची पिशवी, वर कापडाची पिशवी. ते घोंघावत असे आणि आपण सुरक्षित आहोत असे मला वाटत असे. फक्त त्याला जोडलेला पाइप दोन इंची होता. दोन इंचीच का? तर न्हाणीघराच्या दुरुस्तीतून आठ मीटर उरला होता म्हणून. मध्यमवर्गीय माणसाच्या घरात उरलेल्या वस्तूंची जेवढी सत्ता चालते, तेवढी घरातल्या माणसांचीही चालत नाही.

भाचा इंजिनिअर आहे. वाऱ्याचा वेग मोजायची हातात मावणारी पंखी तो घेऊन आला आणि पाइपाच्या तोंडाशी धरून त्याने हिशेब केला. तासाला जेमतेम पावणेतीनशे घनमीटर हवा. "मामा," तो म्हणाला, "यंत्र ठीक आहे. तुम्ही हत्तीला स्ट्रॉने पाणी पाजताय."

त्याचे म्हणणे असे. दुकानात ज्याला दोन इंची म्हणतात त्या पाइपाचा बाहेरचा व्यास ६३ मिलिमीटर आणि चार इंची म्हणतात त्याचा ११०. आकड्यांत हा फरक पावणेदोन पटींचा दिसतो. पण हवा जाते ती व्यासातून नव्हे, तोंडाच्या क्षेत्रफळातून, आणि ते तिप्पट होते. शिवाय हवा पाइपाच्या भिंतीला घासत जाते. तेवढीच हवा अरुंद पाइपातून न्यायची, तर हे घर्षण पावणेदोन पटींनी नव्हे, सुमारे सोळा पटींनी वाढते. पंख्याची सारी ताकद या घासाघाशीतच खर्च होते. करवतीपाशी उरते ती नुसती फुंकर. ढलप्या तेवढ्या आत जातात आणि भुकटी खोलीभर तरंगत राहते. म्हणजे तीन वर्षे मी निरुपद्रवी तेवढे पिशवीत गोळा करीत होतो आणि घातक तेवढे घरात सोडत होतो.

तेव्हा कारखाना बंद करायचा, की पाइप बदलायचा? सौभाग्यवतीने यावर मत दिले नाही. ती मत देत नाही तेव्हा ते काय असते, हे मला अठ्ठेचाळीस वर्षांच्या अनुभवाने कळते. मी गणपतीपर्यंतची मुदत मागून घेतली.

बोहरी आळीत गेलो. दुकानदार तरुण, तत्पर. "काका, गरम पाणी की गार?"

"पाणी नाही. हवा."

"हवा?" त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिले. "मग दहा किलोचा घ्या. हवेला प्रेशर फार असतं."

नळाचे पाइप किलोवर ओळखले जातात. दहा किलोचा म्हणजे चौरस सेंटिमीटरला दहा किलो दाब सोसणारा. शंभर मीटर उंच पाण्याचा भार म्हणा ना. जाड, वजनदार आणि महाग. माणसाला वाटतेच, की जाड तो चांगला. पण माझ्या पंख्याची ओढ किती? पाण्याच्या भाषेत सांगायचे, तर जेमतेम २० सेंटिमीटर. शहाळ्यात नळी घालून आपण पाणी ओढतो ना, त्यात याहून जास्त जोर लागतो! हा पंखा ताकदीचा नाही, तो भरपूर हवा हलवणारा आहे. त्याला जाड पाइप घालणे म्हणजे दुधाच्या पिशवीला तिजोरी करण्यासारखे आहे.

मी ड्रेनेजचा पाइप मागितला. करड्या रंगाचा तो पाइप आपण प्रत्येक इमारतीच्या मागच्या भिंतीवर पाहतो. त्यात दोन जाती असतात आणि पाइपावर तसे छापलेलेही असते. 'ए' जातीचा पातळ. पावसाचे पाणी आणि वायुवीजन यांच्यासाठी. 'बी' जातीचा जाड, मैलापाण्यासाठी. चार इंचीत 'ए'ची भिंत सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास, 'बी'ची सव्वातीनच्या. हवेसाठी 'ए' पुरतो. तो हलका असल्यामुळे भिंतीला टांगायला सोपा, घरगुती करवतीने कापायला सोपा आणि खिशालाही सोपा. मात्र ज्यांच्याकडे असा पंखा नसून घर झाडायचा व्हॅक्यूम क्लीनर आहे, त्यांनी मोठा आणि पातळ पाइप त्याला जोडू नये. त्या यंत्राची हवा थोडी पण ओढ या पंख्याच्या कितीतरी पट असते. पाइपाचे तोंड कोंडले, तर पातळ भिंत आत दबू शकते. त्याला त्याची स्वतःची अरुंद नळीच बरी.

जात ठरली. आता माप. चार इंची, की सहा इंची? सोळा पटींचा धडा ताजा असल्यामुळे माझा हात सहा इंचीकडे गेला. पाइप जितका मोठा तितके घर्षण कमी, मग कंजुषी कशाला? भाच्याने अडवले. दिवस पावसाचे होते. तो मला लकडी पुलावर घेऊन गेला आणि खाली बोट दाखवले. पूर ओसरत होता. जिथे पात्र अरुंद तिथे पाणी गढूळ आणि वेगात. जिथे पात्र पसरट तिथे संथ, आणि काठाने गाळाचा थर.

भुशाचेही असेच आहे. आडव्या पाइपातून लाकडाच्या ढलप्या वाहत्या राहायच्या, तर हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास हवा. चार इंची पाइपात एवढा वेग यायला तासाला सुमारे ६३० घनमीटर हवा लागते. सहा इंचीत, म्हणजे १६० मिलिमीटरच्या पाइपात, १,३०० च्या वर. यंत्राबरोबरच्या कागदावर यापेक्षा मोठा आकडा दिमाखात छापलेला होता. पण तो पाइप, बेंड, पिशवी काहीही न जोडता मोजलेला असतो; म्हणजे मुलीकडच्यांना सांगितलेल्या पगारासारखा. माझे यंत्र प्रत्यक्षात सातशे-आठशे देईल, असा भाच्याचा अंदाज होता. सहा इंची पाइपात तेवढ्या हवेचा वेग बारावर घसरला असता, ढलप्या तळाशी बसल्या असत्या आणि पाइपात सहा महिन्यांनी वाळवंट तयार झाले असते. तीन अश्वशक्तीचे यंत्र असते, तर सहा इंचीच घ्यायला सांगितले असते. दीडला चार. एका वेळी एकच यंत्र चालवायचे आणि बाकीच्या फाट्यांची तोंडे बंद ठेवायची. त्यासाठी प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये सरकणारी पट्टी बसवून मी तीन झडपा घरीच केल्या. त्यांची मापे ज्यांना हवी असतील, त्यांनी पत्र टाकावे.

सरळ पाइपापेक्षा वळणांची निवड अधिक अवघड, असे मी अनुभवाने सांगतो. हवेला काटकोनात वळणे मुळीच आवडत नाही. म्हणून काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन घ्यावेत आणि मध्ये वीतभर सरळ पाइप ठेवावा. फाटा काढायचा, तर 'टी' नको, 'वाय' हवा, आणि त्याचा तिरपा हात हवेच्या प्रवाहाच्या दिशेने झुकलेला हवा. मी एक 'वाय' उलटा बसवला होता. घरी आलेल्या प्लंबरने तो लांबूनच ओळखला. "काका, इथे पाणी उलटं चढेल." पाणी नव्हते, पण म्हणणे बरोबर होते. ड्रेनेजचे नियम आणि भुशाचे नियम जवळजवळ एकच आहेत, कारण दोन्हींत वाहत्या गोष्टीला अडखळू द्यायचे नसते. जोडाचे रुंद तोंड प्रवाह येतो त्या बाजूला ठेवायचे, म्हणजे आतली कड प्रवाहाच्या आड येत नाही. आणि ड्रेनेजच्या सामानात एक अमोल चीज मिळते : दरवाजाचा बेंड. वळणावर स्क्रूने बसवलेले एक झाकण. तुंबले की झाकण काढा, हात घाला. मुंबई-पुण्याच्या इमारतींतले लाखो लोक या झाकणाच्या जिवावर सुखाने राहत आहेत, याची जाणीव आपल्याला नसते. मी असे दोन बेंड घेतले. एकाचा उपयोग पुढे झाला, तो सांगेनच.

यंत्रापासून पाइपापर्यंतचा शेवटचा हातभर तुकडा लवचीक नळीचा लागतो, कारण रंधा हलवावा लागतो. ही नळी वळते झकास, पण तिच्या अंगावरच्या वळ्या हवेला सरळ पाइपाच्या दुप्पट-तिप्पट अडवतात. हातभर म्हणजे हातभर. माझ्या एका मित्राने सोईस्कर म्हणून सगळीच व्यवस्था तिच्यात केली आहे. त्याच्या भिंतीवर अजगर निजल्यासारखा दिसतो आणि ओढही अजगराएवढीच आळशी आहे.

प्लंबरशी माझा खटका उडाला तो सोल्युशनवरून. मी म्हटले, जोड नुसते दाबून बसवा, बारीक स्क्रू मारा, वरून टेप. उद्या यंत्र हलवले, तर सगळे सुटायला हवे.

"सोल्युशन नाही लावलं, तर गळेल काका."

"काय गळेल? आत पाणी नाही."

त्याने क्षणभर विचार केला. "मग हवा गळेल."

मी हसलो. संध्याकाळी देवापुढची उदबत्ती घेतली, यंत्र चालू केले आणि एकेका जोडापाशी धूर धरला. तीन ठिकाणी धूर सुर्रकन आत गेला. टेप नीट ओढून लावल्यावर थांबला. दुसऱ्या दिवशी प्लंबरला बोलावून चहा दिला. सोल्युशन मात्र लावले नाही.

आता घरातले. यंत्र खोलीत ठेवले, तर त्याच्या कापडी पिशवीतून बारीक भुकटी पुन्हा खोलीतच गाळून पडते. मग पाइप कितीही चांगला असो. म्हणून यंत्र अंगणात, कुंपणाच्या भिंतीशी, एका पत्र्याच्या खोपटात नेले. (खोलीतली हवा बाहेर ओढली की तेवढी आत यायला वाट लागते. एक खिडकी उघडी ठेवावी. स्वयंपाकघराचे दार नव्हे!) यंत्र बाहेर गेल्यामुळे पाइपालाही बाहेर जावे लागले, आणि त्याच्या वाटेत तुळशीवृंदावन होते.

"अहो, तुळशीच्या डोक्यावरून ड्रेनेजचा पाइप?"

"अगं, कोरा आहे. दुकानातून आणलाय."

"तुम्हाला माहीत आहे, कोरा आहे. तिला कसं कळणार?"

यावर माझ्यापाशी शास्त्रीय उत्तर नव्हते. पाइप दीड मीटर फिरवून नेला. दोन वळणे वाढली आणि थोडी ओढ गेली. समोरचे एक गृहस्थ सकाळी फिरून परत येताना फाटकाशी थांबले आणि त्यांनी सहानुभूतीने विचारले, "काय, नवीन संडास काढताय वाटतं?" या पावसाळ्यात हा प्रश्न मला अकरा माणसांनी विचारला आहे.

खरा प्रसंग ओढवला तो पातेल्यावरून. पाइप आतून साधारण साडेदहा सेंटिमीटर, यंत्रांची तोंडे दहा सेंटिमीटर. हा ढिलेपणा काढायला करवतीच्या तोंडाला मी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, उत्तम बसली. पण रंध्याचे तोंड चौकोनी. हा पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि उकळत्या पाण्यात धरला की हवा तसा दाबता येतो. घरात तेवढे खोल भांडे एकच होते, पुरणाचे. मी ते घेतले. पाइपाचे टोक आत बुडवून उभा होतो, तोच सौभाग्यवती भाजी घेऊन आली.

ती ओरडली असती, तर बरे झाले असते. तिने गॅस बंद केला आणि एवढेच म्हणाली, "आता यात गौरींचा नैवेद्य करू म्हणता?" आणि तिचे चुकले नव्हते. या पाइपांच्या प्लॅस्टिकमध्ये वर्षानुवर्षे शिसे घालीत आले आहेत. केंद्र सरकारने २०२१ साली त्यावर बंधने घालणारे नियम केले, ते काही उगीच नव्हे. माझा पाइप कोणत्या घाण्यातला, हे मला कुठे ठाऊक होते? नातवाच्या छातीसाठी चाललेल्या उद्योगात मी त्याच्या पुरणपोळीत शिसे कालवायला निघालो होतो. तुळशीबागेत जाऊन नवे पातेले आणले. जुने आता कारखान्यात आहे, त्यावर लाल रंगाने फुली मारली आहे. आणखी एक. पाइप मऊ करायचा तो पाण्यातच. गॅसच्या ज्योतीवर धरू नये. करपला की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा विषारी वायू सुटतो. कापतानाही तोंडाला मास्क लावावा.

सगळे उभे राहिले, यंत्र घोंघावू लागले, आणि शेजारचे निवृत्त इंजिनिअर भिंतीपलीकडून म्हणाले, "प्लॅस्टिक आणि भुसा! घर उडवणार तुम्ही."

पाइपाजवळ हात नेला, तर मनगटावरचे केस उभे राहत होते, ही गोष्ट खरी. कोरडी भुकटी प्लॅस्टिकला घासत जाते आणि स्थिर वीज साठते. भुकटीचा स्फोट होतो, हेही खरे. इंग्लंडात चेशायरमधील बॉस्ली येथे २०१५ साली लाकडाची भुकटी करणाऱ्या गिरणीत स्फोट होऊन चार माणसे गेली. कॅनडात बर्न्स लेकची लाकूडगिरणी जानेवारी २०१२ मध्ये अशीच उडाली, दोन कामगार मेले. ती रात्र मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पाइपावर सबंध लांबीभर तांब्याची उघडी तार गुंडाळून काढली. भाच्याने ती पाहिली आणि हसून विचारले, "मामा, प्लॅस्टिकमधून वीज वाहते का?" वाहत नाही, म्हणूनच तर ती साठते. तार जिथे टेकते तिथला भार उतरतो. बोटभर अंतरावरचा जागच्या जागी बसून राहतो.

मग त्याने मला हिशेब करायला लावला. लाकडाच्या भुकटीचा भडका उडायला घनमीटरभर हवेत सुमारे ४० ग्रॅम बारीक भुकटी लागते. इतकी, की पलीकडचा दिवा दिसू नये. माझ्या पाइपातून तासाला सातशे घनमीटर हवा जाते. म्हणजे तासाला २८ किलो भुकटी मला सतत पाडावी लागेल. माझ्या हातून आठवड्याला दोन किलो पडतो, त्यातही ढलप्याच अधिक. गिरण्यांची गोष्ट निराळी. तिथे छतावर, तुळयांवर वर्षांची भुकटी साठलेली असते आणि एक धक्का तिला उधळून देतो. तिथे धातूचेच पाइप हवेत आणि ते जमिनीशी नीट जोडलेले हवेत. कुणाचा व्यवसायाचा कारखाना असेल, तर त्याने माझे ऐकून प्लॅस्टिक वापरू नये. घरातली खरी भीती आहे ती आगीची. लाकडातला खिळा करवतीला लागतो, तांबडी ठिणगी भुशाबरोबर पिशवीत जाते आणि तासाभराने धुमसू लागते. म्हणून त्या नळीला लोखंड घासायचे यंत्र कधीही जोडायचे नाही, आणि रात्री पिशवी रिकामी केल्याशिवाय झोपायचे नाही. तार मी उतरवली. त्यातला एक तुकडा लवचीक नळीतल्या पोलादी वेटोळ्याला बांधून यंत्राच्या अर्थिंगला जोडला. तिथे तिचा खरोखर उपयोग आहे. शेजाऱ्यांना हा हिशेब दाखवला. त्यांनी तो तपासला, एक चूक काढली, आणि उत्तर तेच आले.

गणपतीच्या आधी चार दिवस भाच्याने पुन्हा पंखी धरली. सेकंदाला २२ मीटर. तासाला सातशेच्या जरा खाली. पावणेतीनशेचे सातशे! तरीही पॉलिशपेपरचे काम करताना मी आता मास्क लावतो, आणि काम झाल्यावर दहा मिनिटे यंत्र तसेच चालू ठेवतो. नऊ वर्षांत कपाटांवर साठलेली भुकटी ओल्या फडक्याने पुसायला तीन दिवस लागले. पुसली मी. सौभाग्यवतीने फडकी दिली.

लेक आणि नातू गौरी यायच्या आदल्या दिवशी आले. पहिल्या रात्री तो शांत झोपला. दुसऱ्या रात्री मला दोनदा जाग आली. दोन्ही वेळा शेजारी सौभाग्यवतीही जागीच होती. दोघांनीही झोपेचे सोंग चालू ठेवले. पलीकडच्या खोलीतून पंख्याच्या घरघरीखेरीज काही ऐकू आले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी (एक ते चार सोडून, आम्ही पुण्याचे आहोत) नातवाला खोलीबाहेर उभे करून मी करवत सुरू केली, तर ओढ नाही. उदबत्ती लावली, जोड सगळे ठीक. यंत्र बंद करून दरवाजाच्या बेंडचे झाकण काढले आणि हात घातला. आत एक पायमोजा, दोन दूर्वांच्या जुड्या आणि गेले दोन दिवस घरभर शोधला जात असलेला माझा चष्मा पुसायचा फडका.

"मी फक्त बघत होतो, किती ओढतं ते," नातू म्हणाला.

लेक दारात उभी होती. तिने पायमोजा झटकला, त्यातून पडलेल्या भुशाकडे पाहिले, मग पाइपाकडे, मग माझ्याकडे. "बाबा, त्याची दिवाळीची सुट्टी एकवीस दिवसांची आहे," ती म्हणाली. "मला पहिल्या आठवड्यात रजा नाही. एकटा राहील ना तो तुमच्याकडे?"

स्वयंपाकघरातून उत्तर आले, "राहील. पण तो पाइप आधी रंगवून घ्या म्हणावं."